वानरीचे पिल्लू आणि पाच मावश्या

सागाच्या एका जंगलात, ओढ्याकाठच्या उंच अर्जुनवृक्षावर वानरांची एक टोळी रात्रीच्या मुक्कामाला येत असे. त्या टोळीतल्या एका तरुण वानरीला पहिलेच पिल्लू झाले होते, जेमतेम दोन महिन्यांचे. पिल्लू मोठे गोड. पण अंधार पडून सारी टोळी चिडीचूप झाली तरी ते काही झोपत नसे. किरकिर करी, आईचे केस ओढी आणि मध्यरात्रीपर्यंत टाहो फोडी. वानरीचा जीव टांगणीला लागे. कारण रात्री त्या ओढ्यावर बिबट्या पाणी प्यायला येई, आणि बिबट्याचे कान किती तिखट असतात हे तुम्हाला ठाऊकच आहे.

एका रात्री व्हायचे तेच झाले. रडण्याच्या रोखाने बिबट्या थेट झाडाखाली आला आणि खोडावर चढू लागला. सगळ्यांनी घाबरून शेंडे गाठले. एक म्हातारा वानर तर पडता पडता वाचला. बारीक फांद्यांवर बिबट्याचे काही चालेना, तेव्हा कुठे तो खाली उतरला. सकाळी टोळीचा म्होरक्या हुप्प्या वानरीसमोर येऊन बसला. "पोरी, चार दिवस देतो," तो म्हणाला. "पिल्लू रात्री गप्प झालं तर ठीक. नाहीतर तू दुसरं झाड बघ. एकापायी वीस जिवांना घोर नको." दुसऱ्या झाडावर एकटीने राहायचे म्हणजे काय, हे वानरीला कोणी सांगायची गरज नव्हती.

तिने जंग जंग पछाडले. दमले की झोपेल, म्हणून संध्याकाळी पिल्लाला फांद्याफांद्यांवरून नाचवले. ते आणखीच चेकाळले. झोके दिले, पुन्हा पुन्हा दूध पाजले, एकदा तर रागे भरली आणि मग स्वतःच रडली. दोन दिवस असेच गेले.

तिसऱ्या दिवशी टोळीतल्या पाच मावश्या टेंभुर्णीची फळे खायला टेकडीपलीकडे गेल्या आणि त्यांना परतायला उशीर झाला. एरवी ऊन उतरले की या मावश्या पिल्लाला घ्यायला धावत. एक गुदगुल्या करी, दुसरी उलटे टांगी, तिसरी हिसकावून घेई. आज मात्र वानरी एकटी होती. सूर्य कलला तसे पिल्लाने डोळे चोळले, जांभई दिली आणि आईच्या कुशीत तोंड खुपसले. "एवढ्या लवकर?" वानरी चकित झाली. ती हळूच आतल्या सावलीच्या बेचक्यात जाऊन बसली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवू लागली. पिल्लू झोपलेसुद्धा! तेवढ्यात मावश्या आल्या. "अगं, आमचा राजा कुठाय?" म्हणत थोरल्या मावशीने त्याला उचललेच. पिल्लू जागे झाले, पुन्हा खेळले, आणि त्याही रात्री मध्यरात्रीपर्यंत रडले. पण आता वानरीला उमगले होते. झोप रोज वेळेवर येत होती; तिला हाकलून लावत होते ते सगळे मिळून, आणि त्यात ती स्वतःही होती.

चौथ्या संध्याकाळी थोरल्या मावशीने हात पुढे केले. वानरीच्या मनात आले, ही रुसली तर? पाला आणायला गेले की पिल्लाला हीच तर सांभाळते! तरी ती म्हणाली, "मावशी, आता नको. सकाळी हवा तेवढा वेळ घे."

"आम्ही काय परक्या आहोत?"

"परक्या असतात का मावश्या! पण आत्ता घेतलंस की त्याची झोप उडते, आणि मग रात्री सगळ्यांच्याच जिवाला धोका."

मावशी फणकाऱ्याने पाठ फिरवून बसली. वानरी पिल्लाला घेऊन त्याच बेचक्यात गेली. खेळायची सवय झालेले पिल्लू रडू लागले. खालून हुप्प्या टक लावून पाहत होता. वानरीने मात्र पाठीवरचा हात थांबवला नाही. पुरता अंधार पडला तेव्हा रडणे हुंदक्यांवर आले आणि मग श्वास संथ झाला.

सकाळी हुप्प्या एवढेच म्हणाला, "आणखी चार दिवस बघू." वानरी रोज त्याच बेचक्यात, कालच्यापेक्षा थोडी आधी जाऊ लागली. चार दिवसांत पिल्लू दिवेलागणीलाच झोपू लागले. दुसऱ्या झाडाचे नाव पुन्हा कोणी काढले नाही.

तरी वानरीला झोप येईना. ती पुन्हा पुन्हा पिल्लाच्या नाकापुढे हात धरून श्वास पाहत राही. एका रात्री थोरली मावशी सरकत सरकत तिच्याजवळ आली. वानरीने पिल्लाला घट्ट कवटाळले.

"नको देऊस त्याला," मावशी कुजबुजली. "तू झोप. मी आहे जागी."

वानरीने मावशीच्या खांद्याला डोके टेकले आणि दोन महिन्यांत पहिल्यांदाच ती गाढ झोपली.

तात्पर्य : बाळाला येणारी झोप वेळीच ओळखावी, खेळवून ती उडवू नये, आणि त्यासाठी मायेच्या माणसांनाही 'आता नको' म्हणण्याचे धैर्य धरावे.