अक्कांसाठी केलेलं संक्रांतीचं कार्ड

एका गावात एक भोळा माणूस होता. गाव म्हणतं, मूर्ख होता. बायको म्हणते, "होता काय, आहे!" तो माणूस म्हणजे मी. नाव सोपान. माझी पिठाची गिरणी आहे. गिरणीला डोकं लागत नाही, पट्टा लागतो. म्हणून आजवर निभावलं.

माझ्यात एक गुण आहे. कोणी काही शिकवलं की मी विसरत नाही. सगळा घोळ त्या गुणानेच होतो.

आता मूळ भानगड ऐका. माझी बायको शेवंता. तिची थोरली बहीण मथुराअक्का. अक्का नदीपलीकडच्या गावात असतात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या नव्या घराची वास्तुशांत झाली. पंगत बसली. अक्का स्वतः वाढायला आल्या आणि म्हणाल्या, "सोपानराव, श्रीखंड काही जमलं नाही हो. गोड मानून घ्या."

आता एवढी मोठी बाई सांगतेय म्हटल्यावर आपण तपासून बघायला नको? मी बोट चाटलं. मग सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणालो, "खरं आहे अक्का, नाहीच जमलं. आंबट आहे. गोड मानूनही बघितलं, पण होत नाही."

पंगत हसली. अक्का हसल्या नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी आमच्याशी बोलणं टाकलं. माझ्याशी टाकलं ते ठीक. शेवंताशीही टाकलं.

आणि आता अक्कांच्या लेकीचं, नंदाचं लग्न ठरलं, माघातलं. शेवंताने त्या पोरीला अंगाखांद्यावर खेळवलेलं. आमच्या गावात सतरा घरी पत्रिका आल्या. सख्ख्या मावशीच्या घरी नाही. शेवंता भाकऱ्या थापता थापता डोळ्यांना पदर लावायची. म्हणायची, "मला भाचीच्या डोक्यावर अक्षता टाकायच्यात हो. दुसरं काही नको मला."

मला फार वाईट वाटलं. म्हटलं, "मी काय करू, सांग."

"घोळ तुम्ही घातलाय, तुम्हीच निस्तरा. संक्रांत आलीये. अक्काला विकतचं काही आवडत नाही. आपल्या हाताने एक शुभेच्छापत्र करा. तिळगूळ घेऊन दोघं जाऊ. हातचं बघून विरघळेल ती."

गावात कुलथे मास्तर होते. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. दर सणाला शाईने रेघा काढून, वर पाण्याचे रंग भरून शंभरेक कार्डं करायचे आणि ओळखीपाळखीच्यांना वाटायचे. मी त्यांच्याकडे गेलो.

मास्तरांनी जाड कागद दिला, टाक दिला, काळी शाई दिली. म्हणाले, "सोपान, सोपं काढू. खाली संक्रांतीची सुगडं, वर निळं आभाळ. आधी शाईने सुगडं काढ. मग रंग."

मी सुगडं काढली. चांगली पाच. आणि लगेच ब्रश पाण्यात बुडवून रंग लावला. शाई ओलीच होती. ती सुटली ती चारी दिशांना. पाच सुगडांचा एक तवा झाला.

मास्तर म्हणाले, "अरे बाबा, घाई कसली? आधी पूर्ण वाळू द्यायचं. खडखडीत! मगच पाण्याला हात लावायचा."

मी म्हटलं, "बरं मास्तर." धडा पक्का केला.

दुसऱ्या दिवशी शेवंता आठ दिवसांसाठी मामांकडे गेली. जाताना म्हणाली, "तुळशीला पाणी घाला हं."

मी तुळशीपाशी गेलो. माती चाचपली. ओली होती. म्हटलं, अंहं. आधी पूर्ण वाळू द्यायचं. रोज सकाळी जाऊन बघायचो. दुसऱ्या दिवशी ओलसर. चौथ्या दिवशी पानं गळायला लागली, पण काडी अजून हिरवी. मी धीर सोडला नाही. आठव्या दिवशी काडी मोडून बघितली. कट्‌कन आवाज आला. खडखडीत! मग मी पाण्याला हात लावला आणि तांब्याभर पाणी घातलं.

तेवढ्यात शेवंता आली. तिने तुळस बघितली आणि कपाळावर हात मारला. "अहो, वाळायची वाट बघत बसलात? ओलावा आहे तोवरच पाणी घालायचं असतं! आणि हात आखडायचा नाही, चांगलं भरपूर घालायचं!"

मी म्हटलं, "बरं." धडा पक्का केला. तडक मास्तरांकडे गेलो.

नवा कागद घेतला. या खेपेला सुगडं मास्तरांनीच काढून दिली. सहा रेघा ओढल्या आणि ते आत चहा टाकायला गेले. मी शाईला बोट लावलं. ओलावा होता. मनात म्हटलं, हीच वेळ. कोपऱ्यातला तांब्या उचलला आणि कागदावर ओतला. हात आखडला नाही.

मास्तर कपबशा घेऊन बाहेर आले. टेबलावरून पाणी गळत होतं. कागद भिजल्या पापडासारखा लोंबत होता.

"सोपान! कार्ड करतोयस की धुणं धुतोयस?"

"भरपूर घातलं, मास्तर."

मास्तर माणूस चांगला. चहा प्याले, मग शांतपणे म्हणाले, "हे बघ. कुठे पाणी जास्त झालं, तर कापसाचा बोळा घ्यायचा आणि हलकेच टिपून घ्यायचं. घासायचं नाही. टिपायचं."

मी म्हटलं, "बरं मास्तर." धडा पक्का केला आणि घरी आलो.

घरी शेवंताने आमटी केली होती. झाकण काढून म्हणाली, "अगंबाई, आज पाणी जास्त झालं वाटतं." आणि कोथिंबीर आणायला शेजारी गेली.

बायकोने एवढी तुळस गेल्याचं दुःख गिळलेलं. म्हटलं, आपण तिला मदत करू. देवघरातून वातींचा कापूस आणला. मोठा बोळा केला. आमटीत बुडवला. घासलं नाही, अगदी टिपलं. एक बोळा भरला, दुसरा केला, तिसरा केला. आमटी संपली तेव्हा कापूसही संपला. पातेल्यात दोन मिरच्या आणि एक आमसूल राहिलं.

शेवंता आली. पातेलं बघितलं. ओळीने मांडलेले पिवळे बोळे बघितले. मग म्हणाली, "पाणी जास्त झालं तर कापूस घालतात? अहो, चिमूटभर मीठ टाकावं आणि गप बसावं!"

मी म्हटलं, "बरं." त्या रात्री चटणी-भाकरी खाल्ली. धडा पक्का केला.

संक्रांत आता दोन दिवसांवर आली होती. शेवंता म्हणाली, "तुम्हाला नाही जमायचं ते. राहू दे. नशिबातच नाही माझ्या भाचीचं लग्न बघणं." असं म्हणाली ना, तेव्हा मला स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावीशी वाटली. पण मारून घेतली नाही, कारण कोणी शिकवलं नव्हतं.

मी मास्तरांकडे जाऊन शेवटचा कागद घेतला. सुगडं काढली. मास्तरांनी स्वतः फुंकर घालून ती वाळवली. मग निळा रंग दिला आणि वर आभाळ लावायला सांगितलं. मी लावलं. पाणी जरा जास्त झालं. मास्तर कापूस शोधायला वळले. मी खिशातून पुडी काढली, चिमूटभर मीठ टाकलं आणि गप बसलो.

"हे काय टाकलंस?"

मी गप्प.

"सोपान, मी विचारतोय! काय टाकलंस?"

मी गप्प. मास्तरांनी पट्टी उचलली. पण त्यांची नजर कागदावर गेली आणि पट्टी तशीच हातात राहिली. मिठाच्या एकेका कणाभोवती निळा रंग मागे सरत होता आणि मध्ये पांढरा ठिपका उमलत होता. ठिपक्याला चहूबाजूंनी बारीक काटे. हुबेहूब हलवा! सगळ्या आभाळभर काटेरी हलवा सांडलेला.

"अरे, ही तर खरी युक्ती आहे जलरंगाची," मास्तर म्हणाले. "मी विसरूनच गेलो होतो. तुला कोणी शिकवली?"

"आमटीने," मी म्हटलं.

मास्तरांनी तो विषय वाढवला नाही. म्हणाले, "आता नीट ऐक. वाळलं की कागद उभा धरायचा आणि वरचे सगळे कण झटकून टाकायचे. एक कण मागे राहता कामा नये. कण राहिला की कार्ड खराब. कळलं?"

"कळलं, मास्तर." झटकलं. एक कण ठेवला नाही. आत शेवंताने आपल्या अक्षरात लिहिलं, 'अक्का, चूक पोटात घाल.' मला लिहू दिलं नाही.

संक्रांतीच्या दिवशी आम्ही दोघं अक्कांच्या दारात उभे राहिलो. अक्का बाहेर आल्या. "या" म्हणाल्या नाहीत, पण दारही लावलं नाही. शेवंताने कार्ड पुढे केलं.

अक्का बघत राहिल्या. हलव्यावरून बोट फिरवलं. "हा कोणी केला?"

"ह्यांनी," शेवंता म्हणाली.

"ह्यांनी?" अक्कांनी माझ्याकडे बघितलं. आत उघडून वाचलं. कार्ड मिटलं आणि म्हणाल्या, "शेवंते, किती वाळलीस गं! ये, आत ये." मग त्यांनी घरातून लग्नाची पत्रिका आणली. देवापुढे ठेवली, कोपऱ्यावर ओलं कुंकू लावलं, वर चिमूटभर अक्षता ठेवल्या आणि रीतीप्रमाणे माझ्या हातात दिली. "सोपानराव, झालं गेलं विसरा. दोघांनी यायचं."

मी पत्रिका घेतली. बघतो तर काय, वर कण! लाल-पिवळे कण, सगळीकडे. अक्कांना बिचाऱ्यांना कोणी शिकवलेलं नसणार. मी पत्रिका उभी धरली आणि उंबऱ्यात चांगली झटकली. दोनदा झटकली. एक कण ठेवला नाही. आणि पत्रिका अक्कांच्या हातात परत दिली.

"घ्या अक्का, स्वच्छ केलीये. आता दुसऱ्या कोणालाही देता येईल."

शेवंता भिंतीला टेकली. अक्का उंबऱ्यातल्या अक्षतांकडे बघत होत्या. मग माझ्या तोंडाकडे. मी हसलो. माझं काम चोख झालं होतं.

"शेवंते," अक्का हळूच म्हणाल्या, "हा माणूस मुद्दाम करत नाही?"

"नाही गं अक्का. रोज असंच असतं."

"म्हणजे ते श्रीखंड..."

"ते त्यांनी खरंच चाखून बघितलं होतं."

अक्कांच्या तोंडातून आधी एक बारीक आवाज आला. मग त्या हसल्या. हसता हसता पाटावर बसल्या. शेवंताला ओढून जवळ घेतलं आणि दोघी रडायला लागल्या. "आणि मी येडी दोन वर्षं रुसून बसले गं! ह्याच्यावर! कशी गं नांदलीस तू, माझे बाई!" अक्कांनी नवी पत्रिका आणली, कुंकू लावलं, अक्षता ठेवल्या आणि ती शेवंताच्या ओटीत घातली. मला तिळगूळ दिला आणि लांब बसवलं.

परतताना नदीच्या पुलावर शेवंता म्हणाली, "आजचं निभावलं, पण एक कायमचं डोक्यात घाला. अक्षता म्हणजे आशीर्वाद. त्या खाली टाकायच्या नसतात. कोणाच्या हातून सांडताना दिसल्या तरी आपण जपायच्या. एक दाणा जमिनीवर पडू द्यायचा नाही."

मी म्हटलं, "बरं." हा धडा मी तीनतीनदा घोकला.

लग्नाचा दिवस उजाडला. मांडव भरला. अक्कांनी मला एकही काम सांगितलं नव्हतं. मी दारापाशी उभा होतो. बघतो तर एक पोरगी परात घेऊन येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात अक्षता देतेय. पाहुण्यांच्या मुठीतून दाणे गळतायत. पोरं उडवतायत. गिरणीतली पिशवी खांद्यावर होतीच. मी एकेकापाशी जाऊन हळूच म्हणालो, "खाली पडू द्यायच्या नाहीत हं. इकडे द्या, जपून ठेवतो."

लोकांनी आनंदाने दिल्या. एक मास्तरीण म्हणाल्या, "वा! तांदळाची नासाडी नको, चांगला पायंडा पाडलात." नवऱ्या मुलाच्या काकांनी तर माझी पाठ थोपटली. मग मी परातही घेतली. पिशवी गच्च भरली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून काहीतरी नीट होत होतं.

अंतरपाट धरला. पहिलं मंगलाष्टक संपलं. भटजींनी सूर लावला, "शुभमंगल सावधान!" चारशे हात वर गेले. चारशे हात उघडले. पोरीच्या डोक्यावर काहीही पडलं नाही.

सनईवाला थांबला. भटजी थांबले. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मुलाची आई अक्कांकडे बघायला लागली. नंदा बाशिंगाखालून इकडेतिकडे बघत होती. अक्षताच नाहीत! मांडवात टाचणी पडली तरी ऐकू आली असती, पण तीही पडली नाही.

मी गर्दीतून वाट काढत बोहल्यापाशी गेलो. पिशवी दोन्ही हातांनी वर धरली. म्हटलं, "अक्का, काळजी करू नका. सगळ्या माझ्याकडे आहेत. एक दाणा खाली पडू दिला नाही."

अक्कांनी शेवंताकडे बघितलं. शेवंताने अक्कांकडे बघितलं. आणि दोन वर्षं न बोललेल्या त्या दोघी सख्ख्या बहिणी एका सुरात माझ्यावर ओरडल्या, "अहो, टाका त्या! नवरानवरीच्या डोक्यावर टाका!"

मी म्हटलं, "बरं."

आणि टाकल्या. सगळ्या. एकदम. पिशवीसकट.