खोड सांगणारी ठकूमावशी

तुमच्या-माझ्या खापरपणजोबांना मिसरूड फुटायचं होतं, त्या काळातली ही गोष्ट. घाटाच्या वर जांभूळमाथा नावाचं गाव आहे, आणि त्या गावात ठकूमावशी औषध द्यायची. बाई कसली, चालतंबोलतं नवल! दुसऱ्याला द्यायचं ते औषध ती आधी स्वतःच्या जिभेवर ठेवून बघायची. चाखून चाखून तिच्या अंगात इतकी औषधं मुरली, की तिला चावलेला डास उंबऱ्यापर्यंत पोचायच्या आत झोपी जायचा, असं म्हणतात. एकदा तिला विंचू डसला. मावशीला काही झालं नाही, विंचवालाच ताप भरला. मग तिनं त्याला थेंबभर काढा पाजला आणि "जा बाबा, पुन्हा भलत्या ठिकाणी तोंड घालू नकोस" म्हणून कुंपणाबाहेर सोडला. खोटं वाटतं? वाटू दे. आमच्याकडे हे असंच सांगतात.

पण मावशीची एक सवय लोकांना मुळीच आवडायची नाही. औषध देताना ती त्याची खोड सांगायची. बैलबाजारात सरळ मनाचा धनी नाही का सांगत, की जनावर कष्टाळू आहे, पण मागून गेलास तर लाथ झाडेल? तसंच. "ह्यानं खोकला जाईल, पण पोट धरेल. ह्यानं झोप लागेल, पण तोंडाला कोरड पडेल, आणि जास्त घेतलंस तर भिंतीवर माकडं नाचताना दिसतील." लोक वैतागायचे. "अगं मावशी, बरं करायला बसलीस की भ्या दाखवायला?" मावशी ठसक्यात म्हणायची, "जे रोगाला हात लावतं, ते तुलाही हात लावणारच. बिनखोडीचं हवं असेल तर ओढ्याचं पाणी पी. आणि तेही फार ढोसू नकोस!"

गावाची रीत मात्र उलटी. घरोघरी सासूनं सुनेला दिलेलं एखादं औषध असायचं, आणि त्यात काय आहे ते कुणी कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की औषधाचा गुण जातो, अशी सगळ्यांची पक्की समजूत. खोड सांगणारी मावशीही औषधाचं नाव तेवढं पोटातच ठेवायची. पदराआड पुडी न्यायची, आजाऱ्याला गुपचूप द्यायची आणि वर बजावायचं, "बोलू नकोस हं कुणाला."

त्या गावात हणमा तेली राहायचा. धिप्पाड गडी, आणि हसायला लागला की घाण्याचा बैलसुद्धा मान वळवून बघायचा. कुणाच्या लग्नात तेल कमी पडलं तर न सांगता घागर पोचती करायचा. सगळ्या गावाचा लाडका. अशा हणमाचे गुडघे एका थंडीत धरले, घाण्यापाशी उभं राहवेना, तेव्हा तो कण्हत कण्हत मावशीकडे आला.

मावशीकडे बचनागाची मुळी होती. मुळी मोठी विखारी. नीट शिजवून शांत केली तर दुखणं ओढून काढते, जास्त झाली तर माणसालाच ओढून नेते. मावशीनं मोहरीएवढी गोळी त्याच्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "हणमा, गुडघे मोकळे होतील, पण हिची खोड वाईट आहे. जिभेला मुंग्या आल्या की थांबायचं आणि मला येऊन सांगायचं. आणि ही चालू आहे तोवर दुसरं काही पोटात घालायचं नाही."

"तुझ्या शब्दाबाहेर नाही, मावशी," हणमा म्हणाला, आणि घरी गेला.

पण हणमा आजारी म्हटल्यावर गाव स्वस्थ बसेल होय? आज पाटलीणबाई आल्या, उद्या शेजारीण आली, परवा कुंभारवाड्यातली म्हातारी काठी टेकत आली. प्रत्येकीच्या पदराआड पुडी. एवढ्या मायेनं आणलंय, मन कसं मोडायचं? हणमानं सगळ्यांचं घेतलं आणि कुणाचं कुणाला सांगितलं नाही. बायकोला, सगुणालाही नाही.

एका सकाळी हणमा अंगणात कोसळला. जीभ लाकडासारखी झाली, हातापायांना मुंग्या फुटल्या, आणि काळीज बेडकासारखं उड्या मारायला लागलं. दोन उड्या मारायचं, मग दबा धरून गप्प बसायचं. सगुणानं हंबरडा फोडला, "मावशीच्या गोळीनं घात केला गं!" गावही तेच म्हणालं.

मावशी धावत आली. नाडी हातात धरून बघितली. तिच्या एवढ्याशा गोळीचं हे काम नव्हतं. पोटात आणखी काय गेलंय ते कळल्याशिवाय उतारा देणार कसला? आंधळेपणानं काही दिलं आणि आगीत तेल पडलं तर? तिनं सगळ्यांना विचारलं, "ह्याला कुणी काय दिलंय?"

कुणी आपल्या पुडीचं नाव काढेना. पाटलीणबाई आभाळाकडे बघत राहिल्या. बायका दुष्ट नव्हत्या हो! सांगितलं तर उरलासुरला गुणही जाईल आणि हणमा हातचा जाईल, असं प्रत्येकीला मनापासून वाटत होतं. तिकडे हणमाचे ओठ निळे पडत चालले.

तेव्हा मावशी ओट्यावर चढली आणि घाटाखाली ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडली, "ऐका गं सगळ्या! माझ्या गोळीत बचनाग आहे! माझ्या आईनं मरताना कानात सांगितलेलं आज चव्हाट्यावर सांगितलं. गेला गुण तर जाऊ दे! माझं औषध मेलं तरी चालेल, माझा हणमा मरता कामा नये!" आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

पाटलीणबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. "अगंबाई! माझ्याही पुडीत बचनागच आहे."

"म्हणजे? माझ्यातही तोच!" शेजारीण म्हणाली.

"माझ्यात दुसरं काय आहे?" कुंभारवाड्यातली म्हातारी कपाळावर हात मारून खाली बसली. पिढ्यान्पिढ्या पदराआड लपवलेलं गुपित, आणि घरोघर तीच मुळी! एरवी गाव हसून लोळलं असतं, पण हणमाकडे बघून कुणाला हसू येईना.

मावशीला मात्र आता वैऱ्याचं नाव कळलं होतं. तिनं हणमाला मिठाचं पाणी पाजून पोट रिकामं केलं, दुधातून तूप दिलं, त्याच्या छातीला कान लावला आणि म्हणाली, "आता कुणी आवाज करू नका." मग काय सांगू, कावळ्यांनी चोची मिटल्या. ओढा दगडांवरून चवड्यांवर चालायला लागला. झाडावरून सुटलेलं पान वाटेतच थांबलं, असं म्हणतात. त्या शांततेत मावशी हणमाच्या काळजाला दटावत होती. "पुरे झाल्या उड्या. टाक पाऊल. हां, आता दुसरं टाक." आणि काळजानं ऐकलं! ऊन डोक्यावर आलं तोवर ते घाण्याच्या बैलासारखं एका चालीनं चालायला लागलं.

हणमानं डोळे उघडले. भोवती अख्खं गाव बघून तो घाबरला आणि जड जिभेनं म्हणाला, "आता... कुणी... काही आणू नका!" अशी खसखस पिकली म्हणता! सगुणा एकीकडे हसत होती, एकीकडे रडत होती. मावशीनं हणमाचा कान पिळला. "मला सांग म्हटलं होतं ना?"

"तू एकटी सांग म्हणत होतीस, मावशी. सगळा गाव सांगू नको म्हणत होता. मी कुणाचं ऐकू?"

पुढल्या थंडीत मावशीनं तीच गोळी चारचौघांत नाव घेऊन पाटलीणबाईंना दिली. गुडघे मोकळे झाले. पाटलीणबाई गावभर सांगत सुटल्या, "सांगूनही गुण येतो गं!"

मावशी कधी गेली ते कुणाला ठाऊक नाही. एक नवा पाला चाखायला ती रानात गेली ती गेलीच. त्याची खोड अजून तिला सापडलेली नाही, असं म्हणतात.

जांभूळमाथ्याला आजही आजाऱ्याला भेटायला जाणारं माणूस दारातच थांबतं. काय आणलंय आणि त्याची खोड काय, ते ओरडून सांगतं. "सुंठ आणलीय, पोटात आग पडते!" आतूनही ओरडून उत्तर येतं, "दवाखान्यातल्या गोळ्या चालू आहेत, चक्कर येते!" दवाखान्यातले डॉक्टरही आता कुणी विचारायच्या आधी खोड सांगतात, आणि आणखी काय काय घेताय ते विचारतात. ह्याला मावशीची हाळी म्हणतात. हाळी झाली की बाहेरचा म्हणतो, "हणमा जगला." आतला आजारी, अंगात असेल नसेल तेवढा जोर लावून म्हणतो, "मीही जगेन." मगच पाहुणा उंबरा ओलांडतो.