सोवळ्यातलं फंक्शन

"मग हात लावला कुणी, आबा?"

आबा गवार मोडत बसले होते. मुकुंदाच्या आवाजातली धार त्यांना जाणवली नसावी, किंवा जाणवूनही त्यांनी गवारीकडेच लक्ष दिलं असावं.

"कशाला?"

"माझ्या फंक्शनला. सकाळी एक उत्तर देतं, दुपारी दुसरं. आकडे तेच. मी एक अक्षर बदललेलं नाही."

"बरं."

"बरं काय, आबा! तेच दिलं की तेच मिळालं पाहिजे. तुम्हीच शिकवलंत."

"शिकवलं खरं."

"मग कुणीतरी हात लावल्याशिवाय हे व्हायचं नाही. आणि पुराच्या भीतीनं बाकीची पोरं घरी गेल्यापासून इथं आम्ही दोघंच आहोत."

आबांनी मान वर केली. शेडच्या दुसऱ्या टोकाला, त्याच्याबरोबरच शिकणारी प्रज्ञा साळवे पाठमोरी बसून काम करत होती. आबांनी तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा गवार हातात घेतली.

आबा ढवळे यांनी उभी हयात मोठमोठ्या कंपन्यांचे प्रोग्रॅम लिहिण्यात घालवली होती. ते सोडून ते कृष्णाकाठच्या आपल्या गावी आले आणि बंद पडलेल्या तेलघाण्याच्या शेडमध्ये चार पोरं गोळा करून शिकवू लागले. गाव त्या शेडला आबांचा मठ म्हणे. मठात देव नव्हता, घंटा नव्हती, आणि विजेचाही भरवसा नव्हता. शिकायची ती प्रोग्रॅमची एकच भाषा, फंक्शनवर, म्हणजे हिशेब करणाऱ्या छोट्या छोट्या तुकड्यांवर चालणारी, आणि तिच्यात लोकांच्या उपयोगाची अवजारं करायची.

आबांची पहिली शिकवण सोपी होती. फंक्शननं आपल्या हातात दिलेलं तेवढंच घ्यावं. त्यातून उत्तर काढावं आणि परत द्यावं. इकडंतिकडं बघू नये, कशाला शिवू नये. नदी, घड्याळ, माणसांचे फोन, सगळं बाहेरचं जग उंबऱ्यावर थांबवावं आणि तिथून जे लागेल तेवढंच मोजून आत द्यावं. अशा फंक्शनला आबा 'सोवळ्यातलं' म्हणत. एकदा का ते बाहेर कशाला शिवलं की झालं ओवळं, मग त्याच्या उत्तराचा नेम नाही.

मुकुंद वझे याला हा शब्द फार आवडला होता. पुण्याच्या त्यांच्या घरात आजोबांपर्यंत खरोखरचं सोवळं पाळलं जाई. मुकुंदाला त्याचं हसू येई. तो स्वतःला त्यातला मानत नसे. फक्त पाण्यासाठी तांब्याचं फुलपात्र तेवढं तो घरून घेऊन आला होता, आणि त्याला दुसऱ्या कुणाचं तोंड लागलेलं त्याला चालत नसे. जंतू असतात, म्हणे.

"आबा, मी स्पष्टच बोलतो. जाधवसर यायच्या आत तिला जायला सांगा."

जाधवसर म्हणजे पूरसमितीचे. संध्याकाळी ते मुकुंदानं केलेलं अवजार घेऊन जाणार होते. घाटमाथ्यावर चार दिवस धो-धो चालू होतं आणि धरणाचे दरवाजे उघडले होते. पाणी गावात कुठवर चढेल हे ते अवजार सांगणार, आणि नदीला खेटून असलेल्या भोई गल्लीनं घरं सोडायची की नाही हे त्यावर ठरणार होतं.

"ती इथं असेपर्यंत मी हे अवजार कुणाच्या हातात देणार नाही. उद्या गल्ली पाण्यात गेली तर नाव माझं येईल."

"तुझं नाव..." आबा म्हणाले, आणि त्यांनी पुढची शेंग मोडली.

मुकुंदाला ते अर्धवट बोलणं आवडलं नाही. त्याला वाटलं, म्हाताऱ्याचं मन आधीच तिकडं झुकलेलं दिसतंय.

"पुरावा हाय?"

पुरावा होता ना! मुकुंदानं तो मनात नीट रचून ठेवला होता. एकतर आज सकाळीच आबा आणि ती दाराशी हळू आवाजात बोलत होते आणि तो आला तसे गप्प झाले. दुसरं म्हणजे परवा विहिरीवर तिनं आपणहून विषय काढला होता, "मुकुंद, तुझ्या त्या फाइलमध्ये खाली..." एवढं बोलली होती. "माझ्या फाइलमध्ये डोकवायचं तुला कारण काय?" असं त्यानं विचारताच तिनं कळशी उचलली आणि ती चालू पडली. डोकावली होती हे तर तिच्याच तोंडून आलं. आणि काल त्याचं फुलपात्र ठेवल्या जागी नव्हतं, वीतभर सरकलेलं होतं.

"अन् मशिनीत? कुणी कधी काय बदललं ते मशिनीत उमटतंय की."

"बघितलं."

"मग?"

"तिच्या नावावर काही नाही."

"मग झालं की."

"तेच तर!" मुकुंद पुढं सरकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "काहीच नाही म्हणजे पुसलं असणार. इतकं स्वच्छ कुणाचं असतं का, आबा?"

आबांनी गवारीची एक शेंग उजेडाकडे धरून बघितली. आत कीड होती. ती त्यांनी बाजूला टाकली.

"फंक्शन वाचलंस पुन्हा?"

"तिनं लिहिलेलं सगळं वाचलं. ओळ न् ओळ."

"अन् तुझं?"

"माझं काय वाचायचं? ते मला पाठ आहे."

"बोलावू तिला?"

"नको, नको. तिच्यासमोर नको." हे बोलताना मुकुंदाला उगाच ओशाळल्यासारखं झालं, आणि ओशाळल्याबद्दल त्याला प्रज्ञाचाच राग आला.

आबांनी ताट बाजूला सारलं आणि हात धोतराला पुसले.

"बरं. आधी फंक्शनची चौकशी करू. माणसाची मागनं करू. बस असा समोर."

मुकुंद बसला.

"आता तू फंक्शन. सोवळ्यात हाईस. मी हातात देतो तेवढंच घ्यायचं अन् उत्तर द्यायचं. दुसऱ्या कशाला शिवायचं न्हाई. कळलं?"

"आबा, खेळायची वेळ आहे का ही?"

"दोन अन् तीन."

मुकुंदानं सुस्कारा सोडला. "पाच."

"दोन अन् तीन."

"पाच."

"झकास. गल्लीत गेल्या खेपंला पाणी शिरलं तेव्हाचा पाऊस, तेवढाच. धरणातनं सोडल्यालं पाणी, तेवढंच." आबांनी रिकाम्या ओंजळी एकेक करून त्याच्यापुढं धरल्या, जणू पाऊस आणि धरण खरंच त्यांच्यात होतं. "पाणी कुठवर चढंल?"

हे आकडे मुकुंदाला झोपेतून उठवलं तरी सांगता आले असते. त्यानं तोंड उघडलं, आणि उत्तर देण्याआधी मान वळवून खिडकीबाहेर बघितलं. खिडकीतून घाट दिसत होता. सकाळी कोरडी असलेली मारुतीसमोरची पायरी आता गढूळ पाण्याखाली गेली होती.

"थांब," आबा म्हणाले.

"काय झालं?"

"मान का वळली?"

"कुठं?"

"खिडकीकडं. का वळली?"

"सहज. नदी आत्ता कुठं आहे ते बघायला नको? नदी आधीच चढलेली असेल तर वरून आलेलं पाणी आणखी वर जाणार. त्याशिवाय मी उत्तर कसं..."

तो बोलता बोलता थांबला.

"नदी मी दिली हुती तुला? पाऊस दिला. धरण दिलं. नदी दिली हुती?"

"नाही."

आबांनी ताट पुन्हा पुढं ओढलं. त्यांचं बोलून झालं होतं.

मुकुंद आपल्या जागेवर गेला. त्यानं स्वतःची फाइल उघडली आणि, पाठ असलेली, ती वाचायला लागला. वरचं फंक्शन सोवळ्यातलं होतं. ते ज्या फंक्शनला हाक मारत होतं तेही सोवळ्यातलंच होतं. तो खाली खाली उतरत गेला आणि अगदी तळाच्या एका चिमुकल्या फंक्शनपाशी येऊन थांबला.

त्या भाषेत एक चोरवाट आहे. फंक्शननं बाहेर बघायचं नाही, पण अगदीच अडलं तर या वाटेनं गुपचूप बघून यावं, वरच्यांना पत्ता लागत नाही. भाषा करणाऱ्यांनी त्या वाटेच्या नावातच 'धोका' घालून ठेवला होता, म्हणजे वापरणाऱ्याला निदान लाज वाटावी. पुलाला पाण्याची उंची मोजणारं यंत्र बसवलेलं आहे. तो आकडा उंबऱ्यावर घेऊन एका फंक्शनच्या हातातून दुसऱ्याच्या हातात असा खालपर्यंत पोचवायचा मुकुंदाला उन्हाळ्यात कंटाळा आला होता. त्यानं चोरवाट घेतली होती. शेजारी त्याच्याच हातची सूचना होती: 'तात्पुरतं. नंतर नीट करणे.'

उन्हाळ्यात नदी जागची हलत नव्हती, म्हणून उत्तरही हललं नाही. आता नदी तासातासाला चढत होती आणि त्याचं सोवळ्यातलं फंक्शन दर खेपेला तिला चोरून शिवून येत होतं.

आपणच. दुसरं कुणी नाही, आपणच! तरीही, खोटं कशाला सांगा, त्याच्या मनातला संशय तेवढ्यानं मेला नाही. तो उठून प्रज्ञाच्या जागेपाशी गेला.

"जरा येतेस?"

ती आली. त्यानं ती ओळ दाखवली.

"हे तू पाहिलं होतंस?"

"हो."

"कधी?"

"विहिरीवर तेच सांगत होते. तू ऐकून घेतलं नाहीस. म्हणून आज सकाळी आबांना सांगितलं. ते म्हणाले, त्याला स्वतःच येऊन विचारू दे."

म्हणजे दाराशी ते बोलणं हे होतं.

"मग बदललं का नाहीस? दोन मिनिटांचं काम होतं. गल्ली बुडाली असती, प्रज्ञा!"

प्रज्ञानं फाइल वर न्यायला सांगितली. सगळ्यात वरच्या ओळीकडे तिनं बोट केलं. बोट पडद्याला न लागता अलीकडेच थांबलं.

'मु. वझे यांचे. हात लावू नये.'

"मला ती ओळ पहिल्यांदा दिसली ना," ती म्हणाली, "तेव्हा वाटलं, ही फाइलबद्दल असेल."

मुकुंदानं ती ओळ खोडली. मग खुर्ची सोडून तो बाजूला झाला आणि म्हणाला, "तू बस." ती बसली. पुलावरचा आकडा त्यांनी उंबऱ्यावर घेतला आणि तिथून हातोहात खाली नेला. प्रज्ञाचा हात भराभर चालत होता. ती जे करत होती ते मुकुंदाला लगेच कळत होतं, आणि त्याला वाटत होतं त्यापेक्षा ते बरंच नेटकं होतं. त्यानं तसं सांगितलं. ती नुसती "हं" म्हणाली.

मध्येच ती खोकली. "पाणी?" असं म्हणून तिनं आजूबाजूला बघितलं. टेबलावर भरलेलं फुलपात्र होतं. मुकुंदाच्या हातापासून वीतभरावर होतं. त्यानं ते उचलून तिला द्यावं, इतकं साधं होतं.

त्याचा हात हलला नाही.

प्रज्ञानं ते बघितलं. ती उठली, कोपऱ्यातल्या माठातलं पाणी प्यायली, परत येऊन बसली आणि उरलेली ओळ पुरी केली. दोघांनी तेच आकडे पुन्हा पुन्हा घातले. तेच उत्तर येत राहिलं.

दिवेलागणीच्या आत जाधवसर आले. अवजारानं आजचा पाऊस, आजचं धरण आणि आजची नदी घेतली आणि पाणी गल्लीत शिरेल असं सांगितलं. जाधवसरांनी एकदाच विचारलं, "भरवसा धरावा का?" मुकुंद म्हणाला, "हिला विचारा." प्रज्ञानं होकाराची मान हलवली. घटकाभरात भोई गल्लीत हाकारे सुरू झाले, आणि माणसं, शेरडं, गाठोडी शाळेच्या वाटेला लागली. प्रज्ञाही त्यांच्या मदतीला गेली.

शेडमध्ये आबा आणि मुकुंद दोघंच उरले. मग तो फुलपात्र घेऊन आबांपुढं जाऊन बसला. चुलीवर गवार शिजत होती.

"आबा, फंक्शन आता सोवळ्यात आलं."

"आलं नव्हं? ब्येस."

"पण मी..." त्यानं फुलपात्र दोघांच्या मध्ये ठेवलं. "मघा माझा हात हलला नाही, आबा. एवढं सगळं कळूनसुद्धा हलला नाही. माझ्या तळाला कुठली ओळ आहे, तीच मला सापडत नाही. मी काय करू?"

आबांनी ते फुलपात्र उचललं, तोंडाला लावून घटाघटा पाणी प्यायले आणि रिकामं करून त्याच्या हातात दिलं.

"जा, विहिरीवर जा. चांगली आंघोळ कर... अन् ओवळा होऊन ये."