'नाही'ला बंदी

राजा रणधवलाच्या राज्यात एके सकाळी 'नाही' म्हणायला बंदी झाली!

झालं असं, की प्रधानजींना राजाचं प्रत्येक बोलणं खोडून काढायची वाईट खोड. राजा म्हणाला, "आज फार उकडतंय," की प्रधानजी म्हणणार, "छे छे महाराज, वारा आहे की!" शेवटी राजा भडकला. "नाही, नको, छे, खोटं! यातला एकही शब्द कुणाच्या तोंडून निघाला तर चाबकाचे फटके! हुकूम सगळ्यांना लागू. मलासुद्धा!"

दवंडीवाला चौकात ओरडला, "ऐका हो ऐका! आजपासून कुणी 'नाही' म्हणायचं नाही!" आणि पहिले फटके त्यालाच बसले.

बायकांचं फारसं अडलं नाही. घरातलं मीठ संपलं तरी 'वाढलं' म्हणायची त्यांना सवयच. पुरुष मात्र सवयीनं "आहे की नाही?" म्हणत आणि पाठ चोळत घरी येत. खरी चंगळ झाली ती राणीच्या भावाची, दर्याजीची. हा गृहस्थ बाजारात हिंडे, आवडेल त्या वस्तूवर हात ठेवी आणि म्हणे, "हे माझं!" आता नाही कोण म्हणणार?

एक दिवस त्यानं गोजरा धनगरणीच्या पांढऱ्या घोडीवर हात ठेवला. ही घोडी गोजरानं शिंगरू असल्यापासून वाढवलेली. गोजराची आई पायांनी अधू. मेंढरांमागं रानोमाळ हिंडायचं ते आईला या घोडीवर बसवूनच. घोडी गेली तर म्हातारीला कुठं टाकायचं? गोजरानं लगाम सोडला नाही. तंटा दरबारात गेला.

"पोरी," राजानं विचारलं, "घोडी दर्याजीरावांची आहे?"

चाबूकवाला पुढं सरसावला.

"व्हय म्हाराज!" गोजरा म्हणाली. "त्येंचीच व्हती!"

दर्याजीनं मिशीला पीळ दिला.

"पर काल सांजच्याला ह्ये दर्याजी सरकार आमच्या तळावर आलं, माझ्या आयच्या पाया पडलं आन् म्हनलं, 'मावशे, ही घोडी तुला दिली. सुखानं ऱ्हा!'"

"ना... ना..." दर्याजी ओरडला. चाबूक हवेत उठला. "न... नक्की! नक्की दिली!"

प्रधानजींना खोकला आला. तो हसू दाबायचा खोकला होता.

"आन् म्हाराज, हातातलं सोन्याचं कडं बी द्यायचं कबूल केलं. व्हय की न्हवं... आपलं, व्हय की व्हय, सरकार?"

"न... नक्की!" दर्याजीनं कडं उपसून दिलं. त्याचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला होता.

राजाला आता मजा वाटू लागली. "आणखी काही कबूल केलंय का गं त्यांनी?"

"त्येंनी न्हवं... चुकले! तुमी, म्हाराज!"

"मी?"

"व्हय तर! परवा तुमीच म्हनला, 'गोजरे, या हुकुमानं गरिबाचं लई हाल झालं. मी तो मोडीत काढतो, आन् तुझ्या मेंढरास्नी माझं कुरण मोकळं करतो.' म्हनला व्हता का?"

राजानं तोंड उघडलं. जीभ टाळूला लागली. चाबूकवाल्यानं एकदा चाबकाकडं पाहिलं, एकदा राजाकडं, आणि बिचारा घामाघूम झाला!

"न..." राजा म्हणाला. "न... न..." आणि एकदम त्याला असं हसू फुटलं की पगडी तिरकी झाली. "नक्की! नक्की म्हणालो होतो! हुकूम रद्द! कुरण तुझं! आणि दर्याजीराव, बाजारातून जे जे उचललंत, ते आजच्या आज ज्याचं त्याला परत!"

गोजरानं मुजरा केला. मग हातातल्या कड्याकडं बघत म्हणाली, "म्हाराज, ह्ये कडं सरकारास्नी माघारी देऊ का?"

राजानं छाती भरून श्वास घेतला.

"नाही!" तो गरजला. "नाही, नाही, मुळीच नाही!"