न फुटलेला गोळा

“सुनेची नोकरी जाईल, तिथं तोंड उघडू नका म्हणं! का उघडू नको?” घरी राहिलेल्या बायकोशी तातोबा मनातच भांडत हुता. तोफगोळ्यांच्या कारखान्यानं जमिनीपोटी त्याला शेअर दिले हुते, म्हणून तो वार्षिक सभेला आलेला. परदेशात एका शाळेवर गोळा पडला. त्याच्या तुकड्यावर याच कारखान्याचा शिक्का तातोबानं फोटोत बघितला, तवापासनं त्याला झोप न्हवती. त्या कारखान्यात गोळ्यांत दारू भरायला त्याची सूनच जायची.

उभा राहून त्यानं शाळेचं विचारलं. चेअरमन हसले.

“काका, माल गेटाबाहेर गेला की कुठं पडतो, ते आम्हाला कसं कळणार?”

“मग गेल्या साली त्याच देशात एक गोळा फुटलाच न्हाई, तवा कसं कळलं? गोळ्यावरल्या नंबरावरनं तीन दिवसांत माझ्या सुनेची शिफ्ट हुडकली, आठ दिस तिला घरी बसवलं. न फुटलेला गोळा तुम्हाला घावतो, अन् फुटलेला घावत न्हाई व्हय?”

चेअरमननी पाण्याचा गिलास उचलला अन् तसाच खाली ठेवला.

“चौकशी करू, काका.”

“चौकशी मागनं करा. आदी त्या देशाला जाणारा माल थांबवा. हितंच, आमच्यासमोर तसा ठराव लिहा.”