गुंडीआत्याने केला फेस

सरका जवळ. कान इकडे.

एक होती उंदरी. सदऱ्याच्या गुंडीएवढी. म्हणून नाव गुंडी.
गुंडी केवढी? एवढीश्शी!
पण होती कोण? आत्या!

तिच्या दादाला बाळ झालं होतं. आज बाळाचं बारसं. बाळाच्या कानात नाव कोण सांगणार? आत्याच सांगणार. कुर्र्र करून!

गुंडीने पांढरा परकर घातला. निघाली ऐटीत. तुरु तुरु तुरु.
वाटेत चिखल.
पचाक!
परकर काळा कुळकुळीत. तशीच पोचली दादाच्या दारात.

वहिनी म्हणाली, "अगंबाई वन्सं! असल्या परकराने पाळण्याजवळ यायचं नाही हं. धुवायची पावडरही संपली. राहू दे. शेजारची मावशी सांगेल नाव."

गुंडीच्या मिशा थरथरल्या.
"आत्या असताना मावशी कशाला? पावडर संपली तर संपली. माझी मी करते!"

गुंडीने आणला एक रिठा. तपकिरी. सुरकुतलेला. आत बी वाजे खुळखुळ. दातांनी कुरतडला. कुट कुट कुट. बी काढून टाकली. रिठा टाकला गार पाण्यात. चोळ चोळ चोळला.
फेस आला? छे! एक बुडबुडासुद्धा नाही.

"रिठोबा रिठोबा, फेस देता का?
परकर उजळेना,
मग मी कुर्र कशी करू?"
रिठा म्हणाला, "हुडहुडहुड! गारठलो ना मी! पाणी तापल्याशिवाय फेस देणार नाही, जा!"

गुंडी वळली पाण्याकडे.
"पाणीबाई पाणीबाई, तापता का?
रिठा फेस देईना,
परकर उजळेना,
मग मी कुर्र कशी करू?"
पाणी म्हणालं, "चूल पेटल्याशिवाय तापणार नाही, जा!"

गुंडी गेली चुलीकडे. तुरु तुरु तुरु.
"चूलमावशी चूलमावशी, पेटता का?
पाणी तापेना,
रिठा फेस देईना,
परकर उजळेना,
मग मी कुर्र कशी करू?"
चूल म्हणाली, "निखारा आहे गं पोटात. पण खाऊ काय? काटक्या मिळाल्याशिवाय पेटणार नाही, जा!"

गुंडी गेली निंबाच्या झाडाकडे. तुरु तुरु तुरु.
"निंबाजोबा निंबाजोबा, काटक्या टाकता का?
चूल पेटेना,
पाणी तापेना,
रिठा फेस देईना,
परकर उजळेना,
मग मी कुर्र कशी करू?"
झाड म्हणालं, "वारा हलवेल तर टाकीन. वारा आल्याशिवाय टाकणार नाही, जा!"

गुंडी गेली टेकडीवर. तुरु तुरु तुरु. धाप लागली. हाफ हूफ! वारा पडला होता पाय पसरून.
"वारोबा वारोबा, वाहता का?
झाड काटकी टाकीना,
चूल पेटेना,
पाणी तापेना,
रिठा फेस देईना,
परकर उजळेना,
मग मी कुर्र कशी करू?"

वाऱ्याने एक डोळा उघडला. "एवढीशी तू, आणि म्हणे आत्या! कुर्र करून दाखव. त्याशिवाय वाहणार नाही, जा!"

"एवढीशी? आत्या ती आत्या!"
गुंडी चढली दगडावर. शेपटी ताठ. छाती पुढे. गेली वाऱ्याच्या कानाशी.
"कुर्र्र्र्र्र!"

वाऱ्याला झाल्या गुदगुल्या. हसत हसत उठला. सूं सूं सूं!
वारा वाहिला. झाड हललं.
काटक्या पडल्या. टप टप टप. गुंडीने ओढत नेल्या.
चूल पेटली. भुर्र!
पाणी तापलं. बुड बुड बुड!
रिठा उकळला. मऊ मऊ झाला. गुंडीने जरा निवू दिला. मग चोळला. घुसळला. आणि काय!
फेस! फेस! फेसच फेस!
फेस नाकावर, फेस शेपटीवर!
परकर बुडवला. चुबुक चुबुक चुबुक. चिखल गेला. परकर पांढरा शुभ्र!
वाऱ्याने वाळवला. फडफड फडफड.

गुंडी पळाली बारशाला. तुरुतुरुतुरुतुरु!
पाळणा सजला होता. शेजारची मावशी वाकलीच होती.
"थांबा!" गुंडी ओरडली. "आत्या आली!"
मावशी सरकली बाजूला. सगळे बघतच राहिले.
वहिनी म्हणाली, "अगंबाई वन्सं! एवढा पांढरा? कुठली हो पावडर?"
गुंडी म्हणाली, "घरची! माझ्या हातची!"
आणि वाकली बाळाच्या कानाशी.
"कुर्र्र्र्र्र! बाळाचं नाव फेसोबा!"

कुर्र केलं की आत्याच्या पाठीत धपाटे. रीतच तशी. सगळे धावले. धप धप धप!
"हळू रे, हळू!" गुंडीआत्या म्हणाली. "परकर चुरगळेल!"