झऱ्याची वाट

त्या डोंगरात माणसांची वाट पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एक हरिणी आपल्या दोन पाडसांना रोज लांबच्या झऱ्यावर नेत असे. त्यातली मोठी, ठिपकी, आईच्या अगदी मागोमाग चालायची.

"आज तू पुढे हो," आई म्हणायची.

"कशाला? मला वाट पाठ आहे. करवंदाची जाळी, पांढरा दगड, मग उतार."

ऐन उन्हाळ्यात आईचा खूर दगडावर चिरला. तिला उठवेना, म्हणून ठिपकी धाकट्याला घेऊन निघाली. पांढऱ्या दगडापाशी आली, तर तिथून तीन उतार निघत होते. तिने पाठ केलेलं पुन्हा म्हटलं. मग आणखी एकदा म्हटलं.

"ताई, म्हणत काय बसलीस? पाणी कुठंय ते सांग," धाकटा म्हणाला. त्याची जीभ कोरडी पडली होती.

पहिला उतार चुकला, दुसराही चुकला. तिसऱ्यापर्यंत धाकट्याला चालवेना. दोघं तशीच तहानलेली परतली.

आई तीन पायांवर उठली आणि पुढे चालू लागली. त्या दिवशी ठिपकीने पहिल्यांदाच वाटेकडे नीट पाहिलं. वाटेवर आईच्या रक्ताचे थेंब पडत होते.